प्लस साइझ फॅशन

दुकानांत सरसकट टांगलेल्या मापांच्या पुढची मापे लागणाऱ्यांसाठीचे तयार कपडे, ते बेतण्याचे तंत्र, त्यांची विक्री आणि त्यांच्याभोवती चालणारी जाहीर चर्चा या सगळ्यांना मिळून प्लस साइझ फॅशन म्हणतात. अमेरिकी मापपद्धतीत ही हद्द साधारण १४ क्रमांकापासून सुरू होते. काही कंपन्या ती १६ पासून धरतात. डेबोरा क्रिस्टेल आणि सुझन डन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी स्त्रीचे सरासरी माप १६ ते १८ निघाले. म्हणजे बाजार ज्या गिऱ्हाइकाला दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, वरच्या मजल्यावर किंवा फक्त संकेतस्थळावर पाठवतो, ते गिऱ्हाईक अपवादातले मुळीच नाही.

या क्षेत्राच्या सव्वाशे वर्षांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. अंगाला बसेल अशा कपड्यांची गरज रोजची असते, पुरवठा मात्र काही वर्षे वाढतो आणि मग आटतो. तो कधी वाढणार आणि कधी आटणार हे कापड, शिलाई आणि खप यांइतकेच त्या त्या वेळी कोणत्या प्रसिद्ध व्यक्तीच्या शरीराबद्दल काय बोलले जात आहे यावरही ठरत आले आहे.

सुरुवात

लिथुएनियातून न्यूयॉर्कला आलेली लेना हिमेलस्टाइन ब्रायंट ही तरुण विधवा शिवणकामावर घर चालवत असे. १९०४ मध्ये तिने दुकान थाटले. बँकेच्या कागदावर तिचे नाव चुकून ‘लेन’ असे पडले आणि दुकान लेन ब्रायंट याच नावाने ओळखले जाऊ लागले. गरोदर बाईला घराबाहेर घालता येईल असा झगा ही त्या दुकानाची पहिली कीर्ती. लेनाचा दुसरा नवरा अल्बर्ट मॅल्सिन हा इंजिनिअर. जाड बायकांना तयार कपडे मिळत नाहीत हे दिसल्यावर त्याने दुकानाच्या सुमारे ४,५०० गिऱ्हाइकांची मापे घेतली, एका विमा कंपनीकडची सुमारे २ लाख स्त्रियांची आकडेवारी त्यांच्याशी ताडून पाहिली आणि स्थूल देहाचे तीन ढोबळ प्रकार पाडले. १९२३ पर्यंत विक्री ५० लाख डॉलरवर पोचली होती आणि मोठ्या मापांच्या कपड्यांनी गरोदरपणाच्या कपड्यांना मागे टाकले होते.

या यशात टपालाने होणाऱ्या विक्रीचा वाटा मोठा होता. घरबसल्या सूचीपत्रातून कपडा निवडायचा, माप लिहून पाठवायचे आणि विक्रेत्याच्या नजरेखालून न जाता घरीच घालून पाहायचा, ही सोय या गिऱ्हाइकाला शंभर वर्षांपूर्वीच मोलाची वाटली होती. आज ऑनलाइन खरेदीत प्लस साइझ गिऱ्हाईक इतके रमते त्याची मुळे तिथपर्यंत जातात.

पुढच्या टप्प्यांतला एक मापांच्या प्रमाणीकरणाचा. १९३९–४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. आकडेमोडीत मात्र फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे धरली गेली. या पाहणीचा आधार घेऊन १९५८ मध्ये ठरलेले व्यापारी मानक ऐच्छिक होते आणि १९८३ मध्ये ते मागे घेतले गेले. तेव्हापासून कोणत्या आकड्याला किती इंच हे ज्याचा तो ठरवतो. गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून आकडा तोच ठेवून आतला कपडा मोठा करत जाण्याची चालही रुळली आहे.

युरोपात मॅक्स मारा या इटालियन कंपनीने १९८० मध्ये मारिना रिनाल्डी ही उंची कपड्यांची शाखा काढली. अमेरिकेत १९९७ ते २००१ या काळात निघालेल्या ‘मोड’ या मासिकाने मोठ्या मापाच्या मॉडेलना गुळगुळीत कागदावर पानेच्या पाने दिली.

मोठा कपडा कसा बेततात

प्लस साइझबद्दलचे बहुतेक वाद शरीरावर येऊन थांबतात. खरी अडचण बेतकामात आहे आणि तिच्याविषयी फारच कमी बोलले जाते.

कारखान्यात कपडा आधी एका मूळ मापावर बेततात. हे माप बहुधा ६ किंवा ८ असते. त्या मापाच्या मॉडेलच्या अंगावर कपडा बसवला की प्रत्येक मापागणिक ठरावीक इंच वाढवत किंवा घटवत बाकीची मापे काढतात. याला ग्रेडिंग म्हणतात. दोन-तीन मापांपर्यंत ही रीत नीट चालते. त्यापुढे शरीर त्या हिशेबाने वाढत नाही. अंग भरले तरी खांद्याचे हाड तेवढेच राहते. पोट, दंड, छाती, मांड्या मात्र प्रत्येकीच्या वेगळ्या प्रमाणात भरतात. त्यामुळे ८ वरून खेचत २४ पर्यंत नेलेल्या शर्टाचा खांदा दंडावर उतरतो, गळा पसरतो, मुंढा खाली लोंबतो आणि एवढे होऊनही बाही दंडाला आवळते. छातीवर बटणांमध्ये फट पडते. पँट मांडीला बसवली तर कमरेला ढगळ होते आणि खाली बसताना मागून उतरते. असा कपडा घालून आरशासमोर उभी राहिलेली बाई दोष आपल्या अंगाला देते. दोष पॅटर्नचा, म्हणजे कपडा बेतण्याच्या मूळ आराखड्याचा, असतो.

यावरचा उपाय जाणकारांना माहीत आहे. १८ किंवा २० क्रमांकावर स्वतंत्र मूळ पॅटर्न काढायचा, त्या मापाच्या माणसावर तो बसवून पाहायचा, आणि तिथून पुढची मापे काढायची. छातीसाठी टक्स खोल घ्यायचे, बाहीला दंडापाशी रुंदी द्यायची, पण खांदा आणि गळा तसेच राखायचे. पँटची सीट मागून उंच ठेवायची आणि कमरपट्टा सरळ न कापता वळणदार कापायचा. २८ च्या पुढे आणखी एक वेगळा पॅटर्न केला तर उत्तम. हे सगळे वेळखाऊ आहे, दोनदा किंवा तीनदा मॉडेल बोलवावी लागते, नमुने पुन्हा शिवावे लागतात. म्हणूनच अनेक कंपन्या जुनाच पॅटर्न ताणतात, किंवा मुळात आकारच नसलेला घोळदार झगा काढून मोकळ्या होतात. मोठ्या मापांच्या रांगेत इतकी वर्षे सैल झगे आणि गडद रंगच का दिसत राहिले, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

जादा कापड लागते म्हणून जादा किंमत, हे कारण विक्रेते नेहमी पुढे करतात. कापड जास्त लागते हे खरे. पण २ आणि १२ या मापांतही कापडाचा फरक असतो आणि त्यांची किंमत एकच असते. २०१४ मध्ये ओल्ड नेव्ही ही अमेरिकी कंपनी स्त्रियांच्या मोठ्या मापांना अधिक किंमत लावते, पुरुषांच्या मोठ्या मापांना मात्र लावत नाही, हे ग्राहकांनी चव्हाट्यावर आणले. स्त्रियांच्या कपड्यांत चहूकडे ताणले जाणारे कापड आणि वळणदार कमरपट्टा असतो, असा खुलासा कंपनीने केला. चांगल्या पॅटर्नसाठी खर्च येतो हे मान्य केले, तरी तो एकाच बाजूने वसूल का करायचा हा ग्राहकांचा प्रश्न रास्तच होता.

खरेदी

टॉरिड हे तरुण मुलींसाठीचे दुकान २००१ मध्ये सुरू झाले, एसॉस या ब्रिटिश ऑनलाइन विक्रेत्याने ‘कर्व्ह’ ही शाखा २०१० मध्ये काढली. ऑनलाइन विक्रीने एक मोठी गोष्ट केली: दुकानात ज्या मापाचा एकही नग ठेवणे परवडत नव्हते, तो गोदामातून विकणे परवडू लागले. पण त्याबरोबर दुकानांनी मोठी मापे संकेतस्थळावरच ठेवण्याची सोयीस्कर वाट धरली. सोळा मापाच्या मैत्रिणीबरोबर बाजारात गेलेली आठ मापाची मैत्रीण पिशव्या भरून परतते आणि दुसरी कानातली नाहीतर पर्स घेऊन येते. हा प्रसंग इतका सार्वत्रिक आहे की त्याला उदाहरण द्यायची गरज नाही.

घरबसल्या खरेदीत सगळी भिस्त मापतक्त्यावर असते. मुरलेल्या ग्राहक आकड्याकडे पाहतच नाहीत. छाती, कंबर आणि नितंबाचा घेर टेपने मोजून इंचांशी ताडतात, कापड किती ताणते ते वाचतात आणि मग इतर ग्राहकांनी आपली उंची व माप सांगून लिहिलेले अभिप्राय शोधतात. अमुक कंपनीचा कपडा लहान निघतो, तमुकचा दंडाला घट्ट बसतो, धुतल्यावर आटतो, ही माहिती कंपनी देत नाही, गिऱ्हाईक गिऱ्हाइकाला देते. शंका असेल तर दोन मापे मागवून एक परत करतात. परत पाठवण्याचा खर्च कंपन्यांना जड जातो आणि काही आता त्याचे पैसे लावतात, पण विश्वासार्ह तक्ता नसताना ग्राहकाने दुसरे करावे तरी काय?

कंपन्यांचे येणेजाणे मात्र दम लागावा असे आहे. एलोक्वी २०११ मध्ये निघाली, २०१३ मध्ये बंद पडली, २०१४ मध्ये पुन्हा उभी राहिली, २०१८ मध्ये वॉलमार्टने घेतली आणि २०२३ मध्ये पुन्हा विकली गेली. ब्रिटनमधील १९३० पासूनची इव्हान्स ही साखळी २०२० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या सिटी शिकने घेतली. नाव आणि ऑनलाइन धंदा गेला, दुकाने मिटली. लॉफ्टने २०१८ मध्ये सुरू केलेली मोठी मापे २०२१ मध्ये थांबवली. त्याच वर्षी ओल्ड नेव्हीने सर्व दुकानांत स्त्रियांचे ० ते २८ पर्यंतचे कपडे एकाच रांगेत, एकाच किमतीला ठेवले. पुढच्याच वर्षी मधली मापे संपलेली आणि टोकाची पडून राहिलेली दिसल्यावर अनेक दुकानांतून मोठी मापे कमी केली गेली. माझ्या मते ही माघार घाईची होती. अनेक दशके ज्या दुकानात आपले काही नसते हे अनुभवाने शिकलेले गिऱ्हाईक काही महिन्यांत परत येत नाही.

प्रसिद्ध व्यक्ती आणि चर्चा

या विषयावरची चर्चा सर्वाधिक पेटते ती लाल गालिच्यावर. अभिनेत्री मेलिसा मॅकार्थी हिला २०१२ च्या ऑस्करसाठी नामांकन होते. आपण पाच-सहा नामवंत डिझायनरांना विचारले आणि सगळ्यांनी नकार दिला, असे तिने २०१४ मध्ये सांगितले. २०१५ मध्ये तिने स्वतःचेच कपडे बाजारात आणले. २०१६ मध्ये ‘घोस्टबस्टर्स’ या चित्रपटाच्या पहिल्या खेळासाठी कोणी कपडे द्यायला तयार नाही असे त्यातली अभिनेत्री लेस्ली जोन्सने ट्विटरवर लिहिले, डिझायनर क्रिस्टियन सिरियानोने तिथेच हात वर केला आणि जोन्स त्याच्या लाल गाउनमध्ये आली. छायाचित्रे जगभर फिरली. त्या गाउनची खरी किंमत बेतकामात होती. तो तिच्या मापावर शिवलेला होता, इतरांच्या मापाचा ओढूनताणून बसवलेला नव्हता.

त्याच काळात दारे उघडत होती. अ‍ॅश्ली ग्रॅहम ही प्लस साइझ मॉडेल २०१६ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या स्विमसूट अंकाच्या मुखपृष्ठावर आली. २०१८ मध्ये गायिका रिहानाच्या सॅव्हेज एक्स फेंटी या कंपनीने अंतर्वस्त्रांच्या प्रदर्शनात सर्व आकारांची शरीरे एकत्र उभी केली. त्याच वर्षी व्हिक्टोरियाज सीक्रेट या अंतर्वस्त्रांच्या कंपनीचे अधिकारी एड रेझेक प्लस साइझ मॉडेल घेण्यात कोणाला रस नाही अशा अर्थाचे बोलले. २०१९ मध्ये ते पायउतार झाले, कंपनीचा गाजलेला फॅशन शोही त्या वर्षी झाला नाही. २०२४ मध्ये तो परतला तेव्हा ग्रॅहम आणि पलोमा एल्सेसर मंचावर होत्या.

पण एकेका शरीरावर टाकलेला हा भार टिकाऊ नसतो. प्लस साइझ मॉडेल टेस हॉलिडे २०१८ मध्ये ब्रिटिश ‘कॉस्मोपॉलिटन’च्या मुखपृष्ठावर आली आणि बोलणे तिच्या कपड्यांवरून थेट तिच्या तब्येतीवर गेले. हे वळण ठरलेले आहे आणि ते अन्यायकारक आहे: आजारी माणसालाही नीट बसणारे कपडे लागतात, आणि बारीक मॉडेलचे रक्ताचे अहवाल कोणी मागत नाही. २०१२ मध्ये डिझायनर कार्ल लागरफेल्ड ज्या गायिका अडेलला जरा जास्तच जाड म्हणाला, तिनेच २०२० मध्ये वाढदिवसाचे छायाचित्र टाकले तेव्हा तिच्या उतरलेल्या वजनावर अभिनंदन आणि नाराजी यांचा पूर आला. व्यायाम चिंतेवरचा उपाय म्हणून सुरू केला, असे तिने पुढच्या वर्षी सांगितले. तिचे अंग तिचेच आहे, इतके साधे मत त्या गदारोळात क्वचितच ऐकू आले.

सेमाग्लुटाइड हे औषध अमेरिकेत २०१७ मध्ये मधुमेहासाठी आणि २०२१ मध्ये वजन घटवण्यासाठी मंजूर झाले, आणि चर्चा बदलली. आता प्रत्येक सडपातळ झालेल्या चेहऱ्याखाली औषधाची शंका लिहिली जाते. १९८८ मध्ये घटवलेल्या ६७ पौंडांएवढी चरबी गाडीवर घालून मंचावर आणणाऱ्या दूरचित्रवाणी निवेदिका ओप्रा विन्फ्रीने २०२३ मध्ये वजनाचे औषध घेत असल्याचे जाहीर केले. फॅशनचा मंचही त्याच दिशेने सरकला. ‘व्होग बिझनेस’ या फॅशन व्यवसायाच्या प्रकाशनाने न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस येथील २०२५ च्या हिवाळी प्रदर्शनांची मोजदाद केली, तेव्हा प्लस साइझ मॉडेलच्या अंगावरचे पेहराव ०.३ टक्के भरले.

पुरुषांच्या मोठ्या मापांभोवती असा गदारोळ होत नाही. त्यांची स्वतंत्र दुकाने फार पूर्वीपासून आहेत, पण निवड तितकीच अपुरी आहे. २०१६ मध्ये आयएमजी या मॉडेल पुरवणाऱ्या संस्थेने झॅक मिको याला घेऊन मोठ्या चणीच्या पुरुष मॉडेलचा वेगळा विभाग काढला.

काही कंपन्यांनी मात्र तंत्राचीच बाजू धरली आहे. २०१५ मध्ये निघालेली युनिव्हर्सल स्टँडर्ड ०० ते ४० पर्यंतचे कपडे काढते, आणि तिने ठरावीक कपडे वर्षभरात अंगाला बसेनासे झाले तर दुसऱ्या मापात बदलून देण्याची योजना आणली. घरी शिवणाऱ्यांसाठी पॅटर्न विकणारी कॅशमेरेट एकाच मापात लहानमोठ्या छातीसाठी वेगवेगळे तुकडे देते. ज्यांच्या मापाचे तयार कपडे बाजारातून नाहीसे होत आहेत, त्यांच्यातल्या अनेकींनी पुन्हा शिवणयंत्र हाती घेतले आहे आणि आपापसांत वापरलेल्या कपड्यांची देवघेव सुरू ठेवली आहे.