'हाव ताई' म्हणजे संमती का?

धुळे-नंदुरबारकडच्या उपकेंद्रात नवी आलेली सिस्टर पहिल्या महिन्यातच खूश होते. काहीही विचारा, बाया 'हाव ताई' म्हणतात. तांबी बसवायची? हाव ताई. पोराचं रक्त तपासायचं? हाव ताई. गाव भलतंच समजूतदार मिळालं, असं तिला वाटतं. वर्षभराने तिला कळतं की तांबी बसवलेल्यांपैकी काही जणी परस्पर ती काढून मोकळ्या झाल्यात.

होकार आणि संमती हे शब्द आपण एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. उपकेंद्राच्या नोकरीत असताना मीही वापरले. पण 'हाव ताई'मध्ये वजन 'हाव'ला नसतं, 'ताई'ला असतं. अर्ध्या रात्री बाळंतपणाला धावून आलेल्या बाईचं मन कसं मोडायचं? म्हणून ती हो म्हणते. होकार माणसाला दिलेला असतो, संमती गोष्टीला. होकार देणाऱ्या बाईला पुढे काय होणार हे ठाऊक नसलं तरी चालतं. संमती देणारीला ते ठाऊक लागतं, आणि 'नाही' म्हणायची वाटही उघडी लागते.

तांबीचंच बघा. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत ती बसवता येते, त्यामुळे बाई दवाखान्यात आहे तोवर काम उरकावं असा मोह होतो. मग विचारायचं कधी? कळा चालू असताना. त्या वेळी 'तोरणमाळचा डोंगर उचलशील का' विचारलं तरी बाई हो म्हणेल. म्हणूनच हे बोलणं गरोदरपणातल्या तपासण्यांच्या वेळी व्हावं, ऐन कळांत नको, असं सरकारी सूचनांमध्येच आहे. सातव्या महिन्यात अंगणवाडीच्या ओट्यावर बसून सांगायचं, की 380 ए तांबी 10 वर्षं चालते, पहिले काही महिने पाळी जास्त जाईल, पोट दुखेल, कधीकधी ती आपोआप पडूनही जाते, आणि नको वाटली तर कधीही काढून मिळते.

हे शेवटचं वाक्य बहुतेक वेळा गळतं. माझ्याकडूनही एकदा गळलं. मार्च महिना होता, टार्गेट डोक्यावर होतं. त्या बाईच्या अंगावरून जास्त जायला लागलं. तांबी काळजापर्यंत चढते, असं कुणीतरी तिच्या मनात भरवलं. ती माझ्याकडे आलीच नाही. मजुरीला सुरतेकडे गेली आणि तिकडेच काढून आली. पुढे लेकराच्या लशीसाठी गेले तर मला बघून तिने दार लोटून घेतलं. माझ्या कागदावर तिची सही होती, अगदी ठसठशीत.

सही म्हणजे संमती नव्हे, हे कायदाही सांगतो. भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला ते ठाऊक असेल तर, संमती धरली जात नाही. जुन्या दंड संहितेत हे कलम 90 होतं, आता भारतीय न्याय संहितेत 28 आहे. 'लस घेतली नाही तर रेशन बंद होईल' असं सांगून मिळवलेला होकार याच टोपलीत जातो. कोविडच्या लशीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 रोजी स्पष्ट केलं, की कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं, हेही त्याच निकालात आहे.

दुसरा निकाल 2008 चा, समीरा कोहली खटल्यातला. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय डॉक्टरांनी तिच्या आईला विचारून काढलं. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती शस्त्रक्रियेला चालत नाही, आणि जिवावर बेतलेलं नसताना सज्ञान बाईच्या वतीने आईची संमतीही चालत नाही. आपल्याकडे आईच्या जागी सासू असते, एवढाच काय तो फरक. बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची संमती नियमाने लागत नाही. सज्ञान बाईच्या गर्भपातालाही फक्त तिचीच लागते. तरी आपला पहिला प्रश्न असतो, 'मालकांना विचारलं का?' सासूला बाहेर ठेवा, असं माझं म्हणणं नाही. बाईला त्याच घरात राहायचं आहे. सासूला ऐकायला बसवावं, सही करायला नाही.

खरा घोळ सातपुड्यात सिकलसेलच्या, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, तपासणीत होतो. पाड्यावरची माणसं मजुरीसाठी गुजरातकडे जातात आणि होळीला परततात. काठी गावच्या होळीच्या सुमारास घरं भरलेली असतात, त्यामुळे तपासणी करणाऱ्याला तोच वेळ सोयीचा. सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी, हा तिचा आवाका. बोट पुढे करायला कुणी नाही म्हणत नाही, एक टोचणी तर आहे! पण ती टोचणी काय काय सांगू शकते, हे कोण सांगतं? सोल्युबिलिटी चाचणीतून फक्त दोष आहे की नाही ते कळतं. माणूस नुसता वाहक आहे, म्हणजे दोष रक्तात असून स्वतः धडधाकट, की आजारी, यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पुढची तपासणी करावी लागते. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के. म्हणजे ही तपासणी नुसती रक्ताची नाही, लग्नाचीही आहे. वाहक मुलगी धडधाकट असते, पण पाड्यावर 'तिच्या रक्तात खोट आहे' एवढंच पसरलं तर सोयरीक मोडायला वेळ लागत नाही. हे सगळं बोट टोचण्याआधी बोलायचं असतं.

आश्रमशाळेत तर मुख्याध्यापकांनी 'करून घ्या' म्हटलं की रांग लागते. ती शाळेची परवानगी झाली. त्याने फाटक उघडतं, मुलाचं बोट नाही. आई-बाप ऊसतोडीला गेलेले असतील तर ते परतेपर्यंत थांबावं. गोवर-रुबेला मोहिमेत शाळकरी मुलांच्या पालकांची संमती गृहीत धरता येणार नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटलं होतं.

समजलं की नाही, हे बघायची युक्ती साधी आहे. 'समजलं ना?' असं विचारूच नये, त्याचंही उत्तर 'हाव ताई'च येतं. 'काय समजनं, माले सांग' म्हणावं आणि गप्प बसावं. पावरी किंवा भिलोरी बोलणारी बाई असेल तर काम आणखी अवघड. मी पाच मिनिटं बोलायची आणि आशाताई ते दोन वाक्यांत संपवायची. कुठली दोन वाक्यं, हे मी कितीतरी वर्षं विचारलंच नाही.

प्रत्येक गोष्टीला एवढा पसारा नको. वजन, बीपी, दंडाचा घेर यांना होकार पुरतो. बाईने हात पुढे केला की झालं.

टीबीच्या नोंदणीत मात्र होकारही नाही आणि संमतीही नाही. 2012 पासून रुग्णाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे, आता ती सरकारच्या निक्षय पोर्टलवर होते. तिथे 'तुमचं नाव टाकू का?' असं विचारणं म्हणजे नाटक. तो 'नको' म्हणाला तर काय करणार? म्हणून सरळ सांगावं, 'दादा, नाव वर जाणार, तो नियम आहे. गावात माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. घरच्यांना तपासायला मात्र तुम्हाला विचारूनच येईन. कधी येऊ?'