वाशीची झडप आणि अहमदाबादचे ४५ अंश

उधाणाची भरती आणि कोसळता पाऊस एकाच वेळी आले की वाशीचे नशीब एका झडपेवर येऊन ठरते. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या कमाल पातळीपेक्षा खाली आहे. पावसाचे पाणी नाल्यांतून खाडीकडे धावते, पण त्या वेळी खाडीच वर चढलेली असते. म्हणून शहर वसवताना सिडकोने, म्हणजे नवी मुंबई उभारणाऱ्या सरकारी नियोजन संस्थेने, वस्ती आणि खाडी यांच्यामध्ये धारण तलाव केले. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली झडप असते, तिला सगळे ‘फ्लॅप गेट’ म्हणतात. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते आणि शहराचे पाणी तलावात साठत राहते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो, झडप उघडते, तलाव रिता होतो. झडप नीट चालली तर या कामाला ना वीज लागते ना पंप. दिवसातून दोनदा चंद्रच ते करून देतो.

ही कल्पना डच लोकांची. ज्यांच्या देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे, त्यांना हे शास्त्र शतकानुशतके घोटावेच लागले. १९७० साली सिडको स्थापन झाली, तिच्यासमोर खाडीकाठची दलदल होती, आणि दलदलीत शहर कसे उभे करायचे हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्याकडून ते घेतले गेले. एका शहराने दुसऱ्याकडून शिकावे ते असेच, असे कोणालाही वाटेल.

पण नेदरलँड्समध्ये वर्षाला साधारण ८०० ते ८५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिन्यांत विभागलेला असतो. आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत पडून जातो. शिवाय ठाण्याची खाडी गाळाची आहे. झडप झिजली, गळू लागली किंवा कचऱ्याने अर्धवट उघडी राहिली की प्रत्येक भरतीबरोबर गढूळ पाणी आत येते. तलावात पाणी संथ असते, त्यामुळे त्यातला बारीक गाळ तळाशी बसतो. त्याच पाण्याबरोबर तिवराचे बी येते, गाळात रुजते, आणि काही वर्षांत तलावात कांदळवन उभे राहते. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली ते आणखी पक्के केले, आणि ते योग्यच झाले, कारण तिवरे नसतील तर किनारा उघडा पडेल. पण त्यामुळे गाळ काढायचा तर आधी परवानगीची वाट पाहायची, आणि तोवर तलाव उथळ होत जातो. पाणी साठवण्याची जागा कमी झाली की ते पाणी रस्त्यावर येते.

मला सगळ्यात जास्त टोचते ते हे, की या झडपेची बहीण इथेच होती. ठाणे आणि रायगडच्या खाडीकाठी आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या खारबांध घालून भातशेती केली. बांधात ठरावीक ठिकाणी दार असायचे, पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडणारे आणि खारे पाणी भरतीला आत न येऊ देणारे. त्याला ‘उघाडी’ म्हणतात. तत्त्व अगदी तेच. फरक इतकाच की उघाडीबरोबर एक रीतही होती. बांधाला खांड पडली की गाव एकत्र येऊन बुजवायचे, उघाडीवर लक्ष ठेवायचे, कारण एक रात्र खारे पाणी शिरले तर शेताचे वर्ष वाया जायचे. नव्या शहराने डचांकडून झडप घेतली, पण गाळ, तिवर आणि रोजची राखण यांचे ज्ञान ज्यांच्याकडे होते ती माणसे त्याच जमिनीवर राहत होती. त्यांच्याकडून शिकणे हेही शहरांनी शिकण्यातच मोडते.

शहरे एकमेकांचे बघून धोरणे कशी उचलतात, यावर संशोधन झाले आहे. चार्ल्स शिपन आणि क्रेग व्होल्डन या दोन अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी १९७५ ते २००० या काळात अमेरिकेतल्या ६७५ मोठ्या शहरांनी धूम्रपानबंदीचे नियम कसे स्वीकारले, याचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. त्यांना धोरण पसरण्याच्या चार वाटा दिसल्या. दुसऱ्यांच्या अनुभवावरून शिकणे, शेजारच्या शहराशी आर्थिक स्पर्धा (इथे बंदी घातली तर उपाहारगृहांचे गिऱ्हाईक तिकडे जाईल का, ही चिंता), मोठ्या शहराचे अनुकरण, आणि राज्य सरकारची सक्ती. त्यातला एक निष्कर्ष प्रत्येक नगरसेवकाने वाचावा असा आहे. अनुकरणाचा परिणाम अल्पकाळ टिकतो, आणि त्याला लहान शहरे जास्त बळी पडतात. अनुकरण करणारा दुसऱ्याने काय केले तेवढेच बघतो. शिकणारा त्याचे पुढे काय झाले तेही बघतो.

हा फरक जिवावर कसा बेतू शकतो, ते उन्हाळ्यात कळते.

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. महापालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतले आणि परदेशातले संशोधक सोबत घेतले आणि २०१३ साली दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा आणला. त्यात रंगांचे इशारे होते. कमाल तापमान ४१ अंशांच्या वर गेले की पिवळा, ४३ च्या वर नारिंगी, ४५ ला लाल. काही उपाय तर फार साधे होते. एका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सगळ्यात वरच्या, तापलेल्या छताखालच्या मजल्यावर होता, तो खाली हलवला. त्याला खर्च किती येणार? पण संशोधकांनी नोंदी चाळून पाहिल्या, तेव्हा कक्ष खाली आल्यावर उन्हाने आजारी पडणारी नवजात बाळे कमी झाल्याचे दिसले.

हा आराखडा मग शहरोशहरी गेला. आपल्या राज्यात नागपूरने लवकर घेतला, आणि नागपूरला तो मानवलाही, कारण तिथलेही ऊन कोरडे. आता तेच ४१-४३-४५ चे आकडे ठाण्यात आणून बघा.

आपले शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता त्वचेकडून घेऊन जातो. हवा कोरडी असेल तर घाम झरझर वाळतो. दमट असेल तर तो नुसताच ओघळतो आणि उष्णता शरीरातच राहते. हे मोजायला ‘ओल्या फडक्याचे तापमान’ वापरतात. तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा सोडला तर पारा जिथपर्यंत उतरतो, ते हे तापमान. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ते साधारण २४ अंश भरते. हवा ३८ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर ते २९ च्या आसपास जाते. म्हणजे ज्या दिवशी अहमदाबादचा लाल इशारा वाजतो त्या दिवसापेक्षा, त्यांच्या कोष्टकात पिवळाही न ठरणारा आपला एखादा दिवस घाम वाळण्याच्या दृष्टीने जास्त कठीण असू शकतो.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर लाखो लोक एका सोहळ्याला भर उन्हात बसले होते. त्या दिवशी तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. उष्माघाताने १४ माणसे गेली. भारतीय हवामान विभागही किनाऱ्यासाठी वेगळा निकष लावतो. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, किनाऱ्यावर ३७ पासून, तेही सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असेल तर. पण शहराचा स्वतःचा आकडा त्याहून बारीक असायला हवा. तो मिळवण्याची रीत अहमदाबादने दाखवून दिली आहे. रोजचे मृत्यू एका बाजूला लिहायचे, रोजचे तापमान दुसऱ्या बाजूला, आणि आलेख कुठे वाकतो ते पाहायचे. ठाण्यात त्या आलेखात आर्द्रता आणि रात्रीचे तापमान घालावे लागेल, कारण आपल्याकडे रात्रही शरीराला उसंत देत नाही. मृत्यूची नोंद प्रत्येक महापालिकेकडे असतेच. ठाणे महापालिकेने २०२४ साली सीईईडब्ल्यू या दिल्लीच्या संशोधन संस्थेबरोबर स्वतःचा आराखडा केला आणि त्यात जोखीम प्रभागवार पाहिली, याचा मला मनापासून आनंद झाला. लोकमान्यनगरच्या पत्र्याच्या घरातला मे महिना आणि येऊरच्या झाडीतला मे महिना एक नसतो.

छपरांचेही तसेच. अहमदाबादेत छपरांना पांढरा चुना देऊन घरे थंड ठेवण्याचा प्रयोग झाला. तो आपल्याकडेही चालेल, पण आपल्या पावसात पांढऱ्या छपरावर शेवाळ धरते, छप्पर काळवंडते आणि ऊन परतवण्याचा गुण जातो. म्हणजे इथे दर उन्हाळ्याआधी नवा हात द्यावा लागेल, आणि अंदाजपत्रकात तो दरवर्षी धरावा लागेल.

शहरांना एकत्र आणणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. ‘इक्ली’ १९९० साली स्थापन झाली, तिच्या कमी-कार्बन शहरांच्या उपक्रमात ठाणे होते. ‘सी-४०’ मध्ये मुंबई डिसेंबर २०२० मध्ये गेली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने ‘स्वच्छ शहर जोडी’ सुरू केली, ज्यात ७२ मार्गदर्शक शहरे मागे असलेल्या शहरांचा हात धरणार आहेत. अशा भेटींत पाहुण्यांना यंत्रे दाखवली जातात. ती बघावीतच, पण मी सोबत असतो तर हिशोबाची वही मागितली असती.

सांडपाण्याचे उदाहरण घ्या. सुरतने २०१४ साली बमरोलीला रोज ४० दशलक्ष लिटर सांडपाणी पुन्हा शुद्ध करणारे केंद्र उभे केले आणि ते पाणी पांडेसराच्या कापड कारखान्यांना दिले. नागपूरचे सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जाते. नवी मुंबईत कोपरखैरणे आणि ऐरोलीला प्रत्येकी २० दशलक्ष लिटरची केंद्रे आहेत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी. गाळण्या आणि निर्जंतुकीकरणाचे तंत्र कुठेही विकत मिळते. तिन्ही ठिकाणी समान आहे ती एक गोष्ट, जी कुठल्याही माहितीफलकावर लिहिलेली नसते. केंद्राच्या आवाक्यात तहानलेले, पैसे देणारे गिऱ्हाईक होते. घोडबंदर रस्त्यावर असे कारखाने नाहीत, तिथे आहेत उंच इमारती. मग तिथे गिऱ्हाईक म्हणजे बांधकामे, बागा आणि फ्लशच्या टाक्या, आणि त्यासाठी इमारतीत पाण्याच्या दोन वेगळ्या वाहिन्या पहिल्या दिवसापासून टाकाव्या लागतील.

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ची, या खाडीकाठच्या महापालिकांत वयाने सगळ्यात लहान. खारघर, कामोठे, कळंबोली तिच्याकडे आले. कळंबोलीतही सिडकोचा धारण तलाव आहे, तीच झडप आणि तोच गाळ. तिथल्या अभियंत्याला ॲमस्टरडॅमला जायची गरज नाही. पाम बीच रस्त्याने वाशीला यावे, झडप घासण्याचे काम किती दिवसांनी होते ते विचारावे, तिवर रुजायला किती पावसाळे लागले ते विचारावे, आणि बेलापूरच्या एखाद्या म्हाताऱ्या आगऱ्याला सोबत घेऊन ओहोटी लागेपर्यंत काठावर थांबावे.