अफ्लाटॉक्सिन : पेंडीपासून दुधापर्यंत

अन्नसाखळीतील नव्या धोक्यांची चर्चा निघाली की हवामानबदलाच्या जोडीने बुरशीजन्य विषांचा उल्लेख आता हमखास होतो. या विषांपैकी सर्वांत घातक मानले जाणारे अफ्लाटॉक्सिन शास्त्रज्ञांना ठाऊक होऊन साठ वर्षे उलटून गेली आहेत. त्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. हे विष आधी जनावरांच्या आणि गरिबांच्या खाण्यात उतरले, आणि त्याविरुद्धचे नियम मात्र बहुतेक वेळा सधन ग्राहकाच्या ताटाजवळ उभे राहिले.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले काही महिन्यांत दगावली. कारण कळेना, म्हणून या रोगाला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. पिल्लांच्या यकृतांवर मुख्य आघात झालेला होता, आणि माग काढत गेल्यावर संशय त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर येऊन थांबला. पुढच्याच वर्षी ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचा संबंध स्पष्ट झाला आणि तिने सोडलेले विष वेगळे काढण्यात आले. अतिनील प्रकाशाखाली ते निळे किंवा हिरवे चमकते, त्यावरून त्याचे बी आणि जी असे गट पाडले गेले. त्यांत बी१ सर्वांत जहाल आहे. बुरशी सजीव असली तरी तिचे विष हे निव्वळ रसायन आहे. दाणा उन्हात वाळवून बुरशीची वाढ रोखता येते किंवा भाजून ती मारता येते, पण विष बरेचसे मागे राहते, आणि ते अन्नात असल्याचे चवीवरून किंवा रंगावरून खात्रीने सांगता येत नाही.

माणसावर होणारा त्याचा परिणाम किती भीषण असू शकतो, हे जगाला भारतातून कळले. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत, प्रामुख्याने आदिवासी वस्तीच्या दोनशेहून अधिक गावांत, काविळीची साथ पसरली. आधी ताप आणि उलट्या, मग कावीळ, त्यानंतर पोटात पाणी साचणे आणि पायांवर सूज, असा आजाराचा क्रम होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ३९७ जण आजारी पडले आणि त्यांपैकी १०६ दगावले. नेहमीच्या संसर्गजन्य काविळीशी काही गोष्टी जुळत नव्हत्या. मका हेच मुख्य अन्न असलेल्या घरांतच रोगी सापडत होते, आणि त्याच घरांतील उरलेसुरले खाणाऱ्या कुत्र्यांनाही कावीळ होऊन तीही मरत होती. त्या हंगामात कापणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला होता. भिजलेली कणसे नीट न वाळताच घरात साठवली गेली आणि पुढचे कित्येक आठवडे त्याच मक्याची भाकरी खाल्ली गेली. तपासलेल्या नमुन्यांत किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. भारतात आज धान्यासाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग) मर्यादा आहे. म्हणजे त्या मक्यात तिच्या चारशे ते हजारपट विष होते.

हा मका बुरसला आहे, हे त्या घरांतील बायामाणसांना दिसत नसेल असे मानण्याचे कारण नाही. पण दुसरे धान्य घरात नव्हते. टर्की पक्ष्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, विषाचे नाव, रचना आणि परिणाम माहीत असताना हे घडले, म्हणून या घटनेकडे केवळ नैसर्गिक आपत्ती म्हणून पाहता येत नाही. पुढे २००४ साली केनियात असेच झाले : मक्यामुळेच ३१७ जणांना विषबाधा आणि १२५ मृत्यू.

दरम्यान, अल्प मात्रेत वर्षानुवर्षे पोटात जाणाऱ्या अफ्लाटॉक्सिनचा यकृताच्या कर्करोगाशी असलेला संबंध पक्का होत गेला. १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. हिपॅटायटिस बी झालेल्या माणसात तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. साहजिकच व्यापाराचे नियम कडक झाले. युरोपीय संघाने १९९९ पासून थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवर आणली. ही कडकपणाची बाजू योग्यच होती, पण निर्यातीसाठी दाणे निवडताना बाजूला पडलेल्या मालाचे काय होते, हा प्रश्न त्यात सुटत नाही. विषाचा मोठा भाग सुरकुतलेल्या, फुटक्या आणि रंग उतरलेल्या दाण्यांत असतो. असे दाणे तेलासाठी घाण्यावर जातात. तेल काढल्यावर विष बहुतांशी पेंडीत राहते आणि पेंड गाईम्हशींच्या दावणीत येते.

तिथून ते दुधात येते. गाईच्या यकृतात बी१ चे रूपांतर एम१ या अफ्लाटॉक्सिनच्याच दुसऱ्या प्रकारात होते आणि खाल्लेल्या विषाचा साधारण एक ते सहा टक्के भाग एका दिवसाच्या आत दुधात उतरू लागतो. दूध तापवून किंवा पाश्चरायझेशन करून तो नाहीसा होत नाही.

युरोपला हा धोका बराच काळ आयात मालापुरता वाटत होता. २००३ च्या कडक उन्हाळ्यात उत्तर इटलीतील मक्यावर ही बुरशी फोफावली. त्यानंतर २०१२ च्या कोरड्या उन्हाळ्याने सर्बियातील मका दूषित केला. २०१३ च्या सुरुवातीला तिथल्या दुधात एम१ मर्यादेबाहेर आढळले, तेव्हा सरकारने मर्यादाच ०.०५ वरून ०.५ मायक्रोग्रॅमवर नेली. त्याच मक्याचे खाद्य जर्मनीतील हजारो गोठ्यांपर्यंत पोहोचल्याचेही उघड झाले. फुलोऱ्यात आणि दाणा भरताना पिकाला उष्णतेचा आणि पाण्याचा ताण बसला की बुरशीला शिरकाव करणे सोपे जाते. कोरडवाहू भुईमुगात शेंगा भरण्याच्या शेवटच्या आठवड्यांत पावसाने ओढ दिली तर हेच होते. तापमान दोन अंशांनी वाढल्यास युरोपातील मक्यात हा धोका लक्षणीय वाढेल, असे अंदाज प्रसिद्ध झाले आहेत.

भारतात दुधातील एम१ साठी किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. लोकांच्या मनात भीती होती ती युरिया आणि डिटर्जंटच्या भेसळीची, पण भेसळीचे नमुने केवळ १२ निघाले. मर्यादेपेक्षा जास्त एम१ असलेले नमुने ३६८ होते, म्हणजे ५.७ टक्के. हे विष चारा आणि पशुखाद्यातून येते आणि त्यावर देशात नियंत्रण नाही, असे प्राधिकरणानेच तेव्हा नमूद केले. पशुखाद्यातील बी१ साठी भारतीय मानक ब्युरोची किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा कागदावर होती, पण मका, सरकी आणि शेंगदाण्याची पेंड गावात सुटी विकत घेणाऱ्या दूध उत्पादकाला ती गोणी तपासून मिळत नाही, आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या गोदामात ती किती दिवस पडून होती हेही त्याला कोणी सांगत नाही. दूषित खाद्य थांबवले तर तीन-चार दिवसांत दुधातील एम१ जवळजवळ नाहीसे होते. त्यामुळे तपासणीची खरी जागा पेंडीचे गोदाम ही आहे. तिथे तपासणीतून निसटलेले विष दूध संकलन केंद्रावर सापडले तरी त्या दिवशीचे दूध ओतून देण्याचा तोटा गोठेवाल्याच्याच माथी येतो.