नव्या फ्रीबीएसडी यंत्रणेतील नेटवर्क व डिस्प्ले दोषनिवारण

फ्रीबीएसडी ही युनिक्स कुळातली मुक्त कार्यप्रणाली. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या युनिक्सवरून ती वाढली आणि तिची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९३ मध्ये आली. मूळ इन्स्टॉलेशन पुरे झाले की समोर उरतो काळा पडदा आणि ‘लॉगिन’ हा शब्द. चित्रमय डेस्कटॉप नंतर आपण चढवायचा असतो. नवख्यांची गाडी अडते ती इथेच: नेट लागत नाही, किंवा नेट लागले तर पडदा उजळत नाही.

दोन्ही बिघडले असतील तर आधी नेट लावावे. हा क्रम निव्वळ सवयीचा नाही. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्स चिपांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे प्रोग्राम, मूळ प्रणालीत नसतात; ‘डीआरएम-केमॉड’ हे पॅकेज नेटवरून उतरवावे लागते. वायफाय दाद देत नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचे नेट संगणकाला देण्याची सोय, सुरू करावे. फोन ‘यूई०’ या नावाने नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्यावर डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ता आपोआप मिळवण्याची सोय, चालवले की तात्पुरते काम भागते.

नेटवर्कचा शोध खालून वर घ्यावा. पहिला आदेश ‘इफकॉन्फिग’, नेटवर्क कार्डांची स्थिती दाखवणारा, जो १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून चालत आला आहे. त्याच्या उत्तरात फक्त ‘एलओ०’ दिसले, म्हणजे यंत्राची स्वतःशीच बोलायची आतली वाट, तर केबलच्या कार्डाला ड्रायव्हर मिळालेला नाही (वायफायचे मूळ कार्ड ड्रायव्हर मिळूनही या यादीत दिसत नाही). जोडलेली उपकरणे दाखवणाऱ्या ‘पीसीआयकॉन्फ’ आदेशाच्या यादीत असे कार्ड ‘नन’ या नावाखाली सापडते. कार्ड दिसते पण ‘नो कॅरियर’ लिहिले आहे, तर केबल किंवा राउटरचे तोंड तपासावे. फायली उघडायची गरजच नाही. ‘ॲक्टिव्ह’ आहे पण आयपी पत्ता नाही, तर डीएचसीपीकडे वळावे. पत्ता आहे, तर आधी राउटरला पिंग करावे, म्हणजे उत्तर येते का ते पाहण्याचा छोटा संदेश पाठवावा, मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, आणि शेवटी नावाला. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर नेट चालू आहे; बिघाड नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसमध्ये आहे आणि ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ ही फाइल पाहायला हवी. ही पायरी ओलांडून लोक तासन्‌तास राउटर बंद-चालू करत बसतात, याचे वाईट वाटते.

फ्रीबीएसडीत कार्डाचे नाव ड्रायव्हरवरून पडते: इंटेलच्या अनेक कार्डांचे ‘ईएम०’, रिअलटेकचे ‘आरई०’, आभासी यंत्रात बहुधा ‘व्हीटीनेट०’. सेटिंगची मुख्य फाइल ‘आरसी डॉट कॉन्फ’. त्यात ‘ईएम०’साठी डीएचसीपी लिहिले आहे आणि यंत्रात कार्ड आहे ‘आरई०’, तर ती ओळ निमूट पडून राहते, कुठेही तक्रार उमटत नाही. दुसऱ्या संगणकावरून फाइल उचलून आणली की हे हमखास होते. वायफायचे आणखी एक: मूळ कार्डावर थेट पत्ता लावत नाहीत, त्यावर ‘डब्ल्यूलॅन०’ तयार करावे लागते, पासवर्ड वायफायशी जोडणी करणाऱ्या ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ या प्रोग्रामच्या फायलीत जातो.

‘आरसी डॉट कॉन्फ’ हाताने लिहिण्यापेक्षा ‘सिसआरसी’ आदेशाने बदललेली बरी. ती फाइल शेलच्या, म्हणजे आदेश वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, व्याकरणाने वाचली जाते. ओळीच्या शेवटचे एक अवतरणचिन्ह सुटले तरी पुढचा मजकूर बाद होतो आणि कधी लॉगिनपर्यंतही पोहोचता येत नाही. अशा वेळी बूटच्या मेनूत २ दाबून एकवापरकर्ता अवस्थेत, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या किमान अवस्थेत, जावे, शेलच्या प्रश्नाला एंटर द्यावे, केवळ वाचनासाठी जोडलेली मूळ डिस्क लिहिण्याजोगी करावी आणि ते चिन्ह जागेवर बसवावे. पुन्हा इन्स्टॉल करण्याचे कारण नाही.

डिस्प्लेचा पाया एक्स विंडो सिस्टिम हा आहे. ती १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली; अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि आजचा ‘एक्सऑर्ग’ त्याच परंपरेतला. काचेच्या नळीच्या मॉनिटरांच्या काळात आडव्या-उभ्या वारंवारिता माहितीपत्रकातून पाहून हाताने भराव्या लागत आणि चुकीच्या आकड्याने काही मॉनिटर खराबही होत. आता मॉनिटर स्वतःची क्षमता संगणकाला कळवतो, म्हणून कोरी सेटिंग फाइल बहुतेकदा उत्तम चालते. जुन्या लेखांतून उतरवलेली लांबलचक फाइल हीच आज अनेकदा बिघाडाचे मूळ ठरते; ती बाजूला सरकवून पाहावे.

चित्र आले पण ठोकळेबाज, रिझोल्यूशन बदलत नाही, तर बहुधा ‘एससीएफबी’ हा कामचलाऊ ड्रायव्हर लागला आहे. यूईएफआयने, म्हणजे संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रामने, बूटवेळी दिलेलाच आकार तो वापरतो. खरा ड्रायव्हर चढवून त्याचे नाव, जसे इंटेलसाठी ‘आय९१५केएमएस’, ‘आरसी डॉट कॉन्फ’मधल्या ‘केएलडी लिस्ट’ या चढवायच्या ड्रायव्हरांच्या यादीत लिहावे आणि वापरकर्त्याला ‘व्हिडिओ’ गटात घ्यावे. बूटच्या अगदी सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या ‘लोडर डॉट कॉन्फ’ फायलीत लिहू नये. ‘केएलडी लिस्ट’ एकवापरकर्ता अवस्थेत वाचली जात नाही, त्यामुळे ड्रायव्हरने यंत्र कोसळवले तरी आत शिरून ती ओळ काढता येते. असे कोसळणे आवृत्ती बदलल्यानंतर संभवते, कारण पॅकेज आधीच्या कर्नलसाठी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यासाठी, बांधलेले असू शकते. तेव्हा पोर्ट्समधून, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः बांधून घेण्याच्या संग्रहातून, आपल्याच कर्नलच्या मूळ संहितेवर, ते पुन्हा बांधावे.

‘नो स्क्रीन्स फाउंड’ हा संदेश फक्त निकाल सांगतो, कारण नव्हे. एक्सऑर्गच्या लॉग फायलीत कंसात दोन ‘ई’ असलेल्या ओळी शोधाव्यात आणि त्यांतली पहिली आधी वाचावी. पुढच्या पुष्कळशा तिच्यातूनच जन्मतात.

पडदा नीट लागल्यावरही मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर ड्रायव्हरला हात लावू नये. देवनागरीचा फाँट चढवलेला नसतो. ‘नोटो’ फाँटांचे पॅकेज घातले की अक्षरे उमटतात. साध्या कन्सोलवर, म्हणजे डेस्कटॉपविना असलेल्या काळ्या मजकुरी पडद्यावर, मात्र फाँट घालूनही उपयोग नाही, कारण मात्रा-वेलांट्या अक्षराशी जुळवून जोडाक्षर घडवण्याची सोयच तिथे नाही.