कुत्र्यावरील पिसवा : घरगुती उपाय

कुत्र्याच्या अंगावर झालेल्या पिसवा विकतचे कीटकनाशक न वापरता आटोक्यात आणण्याच्या पद्धती. त्यांत फणी, साबण, ऊन आणि केरसुणी येतात, तसेच कडुनिंब, करंज, सीताफळ, रिठा अशा वनस्पतीही. लोकांचा भरवसा दुसऱ्या गटावर जास्त असतो. काम मात्र बहुतांशी पहिला गट करतो.

पिसू आणि गोचीड यांची नेहमी गल्लत होते. गोचिडांना आठ पाय असतात, ते कातडीला घट्ट चिकटतात आणि रक्त पिऊन त्यांचे अंग एरंडाच्या बीसारखे फुगते. (एरंडाचे लॅटिन नाव ‘रिसिनस’ म्हणजे गोचीडच.) पिसू हा सहा पायांचा, बिनपंखी कीटक. दोन-तीन मिलिमीटर लांब, तपकिरी आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असल्यामुळे ती केसांतून सुळकन सरकते आणि हात लागण्याआधी उडी मारते. कुत्र्यांवर जगभर सर्वाधिक आढळणारी पिसू ‘मांजराची पिसू’ म्हणून ओळखली जाते (टेनोसेफॅलायडीस फेलिस). भारतात तिच्या जोडीला ओरिएंटिस ही जवळची जातही सापडते. पिसू दिसली नाही तरी तिची खूण सापडते. शेपटीच्या बुडाशी केसांत काळे बारीक कण असतील, तर ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाकावेत. भोवती तांबूस डाग पसरला की ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त, असे समजावे. माती असेल तर डाग मातकटच राहतो.

पिसू म्हटले की मुंबई-पुण्याच्या जुन्या माणसांना प्लेग आठवतो. 1896 मध्ये मुंबईत ती साथ सुरू झाली आणि 1898 मध्ये पोल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत, उंदरावरील पिसवांमुळे प्लेग पसरतो हे दाखवून दिले. ती पिसू निराळी. कुत्र्याची पिसू माणसाला घोट्याभोवती चावून गांधी उठवते, पण प्लेगच्या साथीतली गुन्हेगार ती नव्हे.

उपाय का फसतात, हे पिसवांच्या जीवनचक्रात दडलेले आहे. मादी रक्त पिऊ लागल्यापासून एक-दोन दिवसांत अंडी घालते आणि भरात असताना दिवसाला चाळीस-पन्नास घालते. ही अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. कुत्रा जिथे लोळतो, अंग झटकतो, तिथे ती गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळतात, फरशीच्या फटीत, गोणपाटाच्या विणीत किंवा सोफ्याच्या सांध्यात शिरतात आणि वरून पडणाऱ्या पिसवांच्या वाळक्या विष्ठेवर पोसतात. पुढे त्या कोष विणतात. कोष चिकट असल्यामुळे त्यावर धूळ बसते आणि तो धुळीसारखाच दिसतो. उबदार, दमट हवेत हे सगळे तीन-चार आठवड्यांत उरकते. एखाद्या घरातल्या एकूण पिसवांपैकी प्रौढ, म्हणजे कुत्र्यावर दिसणाऱ्या, साधारण पाच टक्केच असतात. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात जमिनीवर. कुत्र्याला कितीही पाले चोळले तरी आठवड्यात पिसवा परत का येतात, याचे उत्तर एवढेच आहे.

कोषातली पिसू महिनोन्महिने थांबू शकते. पावलांची कंपने, अंगाची ऊब आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर पडते. कोकणातले महिनोन्महिने बंद असलेले घर गणपतीला उघडल्याबरोबर पायांवर पिसवा उड्या मारू लागतात तेव्हा घरात कुत्रा नसतो, मांजरही नसते. मागच्या खेपेला पडवीत झोपून गेलेल्या गावकुत्र्याची ती ठेव असते.

म्हणून पहिला उपाय कुत्र्याच्या जागेवर. त्याचे अंथरूण आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात भिजवून धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. गोणपाट जुने झाले असेल तर जाळलेले बरे. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की अळ्या सुकून मरतात, आणि पस्तीस अंशांपुढची उष्णताही त्यांना फार काळ सोसत नाही. त्यामुळे विदर्भाच्या मे महिन्यात ऊनच निम्मे काम करते, तर कोकणात आणि सर्वत्र पावसाळ्यात ते माणसाला करावे लागते. केर रोज काढावा, फटी आणि कोपरे सोडू नयेत. व्हॅक्यूम क्लीनर असल्यास उत्तम, कारण त्याच्या कंपनांनी कोषातल्या पिसवाही बाहेर येतात. पिशवी मात्र लगेच घराबाहेर रिकामी करावी. मातीच्या जमिनीत भेगा बुजवून सारवले की अळ्यांचा आसरा जातो. रात्री परातीत साबणाचे पाणी ठेवून वर दिवा लावला तर उजेडाकडे उडी घेणाऱ्या काही पिसवा पाण्यात पडतात. त्याने घर साफ होत नाही, पण अजून किती उरल्यात याचा अंदाज येतो.

कुत्र्याच्या अंगासाठी सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे लिखा काढायची बारीक दातांची फणी. मान, काखा, पोट आणि शेपटीचे बूड रोज विंचरावे आणि फणी दरवेळी साबणाच्या पाण्यात बुडवावी. नुसत्या पाण्यावर पिसू तरंगते. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी झाला की ती बुडते. नखाने चिरडू नये. अंघोळीला रिठ्याचा फेसही चालतो. अंघोळ मानेपासून सुरू करावी, नाहीतर पिसवा पळून कानांत आणि डोळ्यांभोवती जमतात.

वनस्पतींत मान कडुनिंबाचा. त्यातील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य कीटकांची भूक मारते आणि अळीला कात टाकू देत नाही. पण ते मुख्यतः निंबोळीच्या बीच्या आतल्या गरात असते, पानांत फार थोडे, आणि उन्हात लवकर विघटते. पाल्याच्या काढ्याने अंघोळ घातल्यास थोडी खाज शमते, पिसवा मरतीलच असे नाही. निंबोळी किंवा करंजाचे तेल खोबरेल तेलात पातळ करून आधी थोड्या जागी लावून पाहावे. कुत्रा ते चाटणार हे गृहीत धरूनच लावावे. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी जुनी आणि खरोखर विषारी. तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला गंभीर इजा होते, आणि कुत्रा अंग झटकल्याशिवाय राहत नाही. ती वापरू नये. व्हिनेगरने पिसवा मरत नाहीत. खाण्यातून यीस्ट देण्याचा पाश्चात्त्य उपाय 1983 मध्ये कुत्र्यांवर तपासला गेला आणि निष्फळ ठरला.

काही ‘नैसर्गिक’ उपाय पिसवांपेक्षा घातक आहेत. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कापूर, टी ट्री तेल आणि डांबरगोळ्या पोटात गेल्या तर विषबाधा होते. रॉकेल चोळण्याची खेड्यातली रीत कातडी भाजते. घरात मांजर असेल तर लिंबूवर्गीय आणि इतर सुगंधी तेले कुत्र्यालाही लावू नयेत, कारण मांजराच्या यकृताला ती पचत नाहीत.

पिसूची मादी रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पंधरा पट रक्त पिते. लहान पिल्लाच्या अंगावर खूप पिसवा झाल्या तर त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडतात. तिथे घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्याकडे जावे. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेचीच ॲलर्जी असते आणि दोन-चार पिसवांनीही कमरेवरचे केस झडतात. पिसू चावता-चावता कुत्रा ती गिळतो आणि तिच्या पोटातला पट्टकृमी त्याच्या आतड्यात वाढतो. मग शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे वळवळणारे तुकडे दिसतात. त्यावर जंताचे औषधच लागते, आणि अंगावर पिसवा राहिल्या तर ते पुन्हा द्यावे लागते.