'लेबरकेझ' या शब्दाची पार्श्वभूमी

जर्मन भाषेत 'लेबर' म्हणजे यकृत आणि 'केझ' म्हणजे चीज. तरीही म्युनिकमधल्या मांसविक्रेत्याच्या काचेआड ऊबदार ठेवलेल्या 'लेबरकेझ'मध्ये या दोहोंपैकी काहीच नसते. गोमांस, डुकराचे मांस, चरबी आणि बर्फ लोण्यासारखे मऊ होईपर्यंत वाटून साच्यात खरपूस भाजलेला तो लांबट ठोकळा असतो. त्याचा बोटभर जाड काप गोड मोहरी लावून पावात घालून देतात.

या पदार्थाचा जन्म 1776 मध्ये झाला आणि मानहाइम या जर्मन शहरातल्या शासकाबरोबर आलेल्या खाटकाने तो म्युनिकमध्ये आणला, अशी कथा सर्रास सांगितली जाते. परंतु तो शासक म्युनिक ही राजधानी असलेल्या बव्हेरियाच्या गादीचा वारस ठरला तो आधीच्या शासकाच्या मृत्यूनंतर, म्हणजे डिसेंबर 1777 च्या अगदी अखेरीस. त्यामुळे निदान हे साल तरी स्वीकारता येत नाही.

खरा वाद शब्दाच्या फोडीचा आहे. बव्हेरियात असे सांगतात की 'लेबर' हा मुळात 'लाइब', म्हणजे पावाचा किंवा चीजचा गोळा, या शब्दाचा अपभ्रंश आहे, आणि म्हणून यकृत नसणे हीच मूळ रीत होय. हे स्पष्टीकरण आकर्षक असले, तरी शेजारच्या श्टुटगार्टच्या प्रकारात यकृत खरोखरच घातले जाते, ही गोष्ट त्यात बसत नाही. 'केझ'चे कोडे त्या मानाने सोपे आहे. क्विन्स फळाचा गर आटवून केलेल्या घट्ट वडीलाही तिकडे 'क्विटनकेझ' म्हणतात आणि तिच्यात दुधाचा थेंबही नसतो. साच्यात बसवून कापता येणाऱ्या पदार्थाला चीजचे नाव देण्याची ही जुनी सवय आहे.

आज जर्मनीत ग्राह्य धरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक नियमांनुसार बव्हेरियाबाहेर नुसत्या 'लेबरकेझ'मध्ये यकृत अपेक्षित असते. 'बव्हेरियन' हे विशेषण लावल्यास मात्र ते नसले तरी चालते. ही तडजोड मला योग्य वाटते, कारण पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले नाव केवळ शब्दार्थासाठी बदलायला लावणे अन्यायाचे ठरले असते. नैऋत्य जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये हा प्रश्नच टळतो, कारण तिथे याच पदार्थाला 'फ्लाइशकेझ', म्हणजे मांसाचे चीज, असे म्हणतात. व्हिएन्नात मात्र घोड्याच्या मांसापासून केलेला प्रकारही 'फेर्डेलेबरकेझ', म्हणजे घोड्याचे लेबरकेझ, या नावाने विकला जातो.