पार्श्वभूमी : दुकाने मोजली, ताट राहून गेले

गरीब वस्तीत बाहेरचे खाणे अधिक निकृष्ट मिळते, ही चर्चा आधी हॉटेलांबद्दल नव्हतीच. १९९०च्या दशकात ती ताजी फळे-भाज्या कुठे मिळतात, याभोवती फिरत होती. हॉटेलांचे मेन्यू तपासण्याची रीतसर पद्धत अमेरिकेत २००७ च्या सुमारास आली. पण एकेक मेन्यू वाचत बसणे वेळखाऊ, नकाशावर दुकाने मोजणे सोपे. नियमही मग दुकानांवरच बेतले गेले.

लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात जुलै २००८ मध्ये नव्या फास्ट फूड दुकानांना मनाई झाली, ती याच वळणाने. आधी वर्षापुरती, २०१० च्या अखेरीस कायमची. मोजके पदार्थ, आधी करून ठेवलेले किंवा झटपट गरम होणारे, टेबलावर ऑर्डर घेणे नाही, गुंडाळून द्यायचे ते फेकून देण्याच्या कागदात, अशी व्याख्या होती. शिवाय मनाई लागायला दुकान स्वतंत्र इमारतीत हवे. सगळी मेख इथेच होती. तोच बर्गर नि तेच तळण शेजारच्या व्यापारी संकुलातल्या गाळ्यात विकायला आडकाठी नव्हती आणि जुन्या दुकानांना तर धक्काही लागला नाही. मोकळे भूखंड थोडे आहेत, ते बसून जेवायच्या हॉटेलांसाठी आणि किराणा दुकानांसाठी राखू, असे समर्थक म्हणत. यात तथ्य होते. गरिबाने काय खावे हे सरकारने का ठरवावे, हा विरोधकांचा सवालही बिनबुडाचा नव्हता. २०१५ च्या अभ्यासात दिसले, की बंदीनंतरही लठ्ठपणा वाढला आणि याच भागात अधिक वाढला. बंदी फसली, असा गवगवा झाला. पण स्वतंत्र इमारतीतली नवी दुकाने तिथे मुळात फारशी येतच नव्हती. मग फसायला तिथे होते काय?

इंग्लंडने २००५ मध्ये गरम खाणे बांधून देणाऱ्या दुकानांचा नियोजनात वेगळा वर्ग केला. त्याच्या आधारे लंडनच्या वॉल्थम फॉरेस्ट भागात २००९ मध्ये शाळेपासून ४०० मीटरच्या आत अशा नव्या दुकानांना अटकाव झाला. हेही पुन्हा अंतराचेच गणित.

स्वयंपाकघरात शिरणारा नियम न्यूयॉर्कने केला. २००६ मध्ये ठरलेली ट्रान्स फॅटची, म्हणजे हृदयाला घातक अशा एका चरबीची, मर्यादा सगळ्या वस्त्यांतल्या, लहानमोठ्या सगळ्या हॉटेलांना लागू होती. २००८ पासून मेन्यूवर कॅलरी लिहिणे मात्र फक्त मोठ्या साखळ्यांना सक्तीचे झाले. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून हीच सक्ती आहे, पण २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांपुरती. कोपऱ्यावरचे एकट्या मालकाचे दुकान दोन्हीकडे सुटले.